हॉलिसचा मोठेपणा

ग्रेडी मॅककूनला मुलाखतीचं बोलावणं आल्याची बातमी जेवणघरात फुटली, तेव्हा हॉलिस टिमरमन पॅनकेकवर पाक ओतत होता. बातमी ऐकून हॉलिस थिजला, पण बाटली थिजली नाही. ताटलीत पाकाचं तळं झालं, तळं काठ ओलांडून टेबलावर आलं आणि टेबलावरून हॉलिसच्या मांडीवर उतरलं, तरी त्याला पत्ता नव्हता.

“ब्रेकनर अँड सन्स!” ग्रेडी फोन उंच धरून ओरडला. “शुक्रवारी दहा वाजता! मला बोलावलंय रे! मला!”

कॉलेजातल्या पोरांच्या बंधुमंडळाच्या त्या घरात बत्तीस जण राहत होते. बत्तीसच्या बत्तीस पोरांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. सगळ्यांत जोरात हॉलिसने बडवलं. पोटात जितकं जास्त दुखतं तितक्या जोरात माणूस टाळ्या वाजवतो. हॉलिसच्या तळहाताला तर दुसऱ्या दिवसापर्यंत मुंग्या येत होत्या.

त्याचं दुखणं तसं बिनबुडाचं नव्हतं. हॉलिस आणि ग्रेडी पहिल्या वर्षापासून एका खोलीत राहत. हॉलिसला चारपैकी तीन पूर्णांक एक्क्याण्णव गुण होते. चार वर्षांत त्याने एकही तास बुडवला नव्हता. बंधुमंडळाच्या अभ्यास समितीचा तो प्रमुख होता, आणि कुठला बंधू आठवड्यात किती तास ग्रंथालयात बसला याचा रंगीत तक्ता जिन्याच्या भिंतीवर लावत असे. ग्रेडीची पट्टी त्या तक्त्यावर जवळजवळ दिसतच नसे. ग्रेडीला दोन पूर्णांक सात गुण होते, आणि त्यातले निम्मे तरी हॉलिसने परीक्षेच्या दिवशी त्याला गदागदा हलवून उठवल्यामुळे मिळाले होते.

नोकरीसाठी हॉलिसने एक्केचाळीस ठिकाणी अर्ज केले होते. अडतीस ठिकाणांहून गोड शब्दांत नकार आला होता. उरलेल्या तिघांनी तेवढीही तसदी घेतली नव्हती, आणि धान्याच्या कोठ्या बनवणारी ब्रेकनर अँड सन्स ही त्या तिघांपैकी एक होती. ग्रेडीने आयुष्यात एकच अर्ज केला होता, तोही तिथंच. आणि तो अर्जसुद्धा हॉलिसनेच लिहून दिला होता! ‘तुमच्या अंगचे गुण’ या रकान्यात ग्रेडीने लिहिलं होतं, ‘मी लोकांना आवडतो’. हॉलिसने ते खोडून ‘उत्तम संवादकौशल्य’ असं केलं होतं.

“हॉलिस,” टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून प्रेस्टन ओगिल्वीचा आवाज आला, “तूपण तिथंच अर्ज केला होतास ना?”

प्रेस्टन मंडळाचा अध्यक्ष होता. पुढे वकील व्हायचं असल्यामुळे तो आतापासूनच सगळ्यांकडे साक्षीदाराकडे बघावं तसं बघायचा. बत्तीस काटे हवेत थांबले.

“केला होता ना,” हॉलिस म्हणाला. “पण ग्रेडीला बोलावलं, मला बोलावलं, एकच की! भाऊच आहोत आपण.”

“म्हणजे तुला वाईट नाही वाटलं?”

“छे! मला तर इतका आनंद झालाय की…” आनंद किती झाला हे दाखवायला हॉलिसने खाली पाहिलं, तेव्हा त्याला मांडीवरचा पाक दिसला. “इतका की भान राहिलं नाही बघ.”

“वा!” प्रेस्टन त्याच्याकडे रोखून बघत म्हणाला. “मग त्याची सगळी तयारी तूच करून घे. मंडळाचं नाव राखायची जबाबदारी तुझ्यावर.”

“बघितलंत?” ग्रेडीने येऊन हॉलिसला मागून मिठीच मारली. “असा भाऊ मिळायला नशीब लागतं, लेको!”

गुरुवारी दुपारी स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या लोरेनबाईंनी हॉलिसला ग्रेडीचा ट्रक घेऊन बटाट्याची पोती आणायला पाठवलं. हॉलिसने मुकाट्याने आणली. त्या दोन दिवसांत तो सगळ्यांची सगळी कामं मुकाट्याने करत होता, कारण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा त्याला भरवसा नव्हता. शुक्रवारी सकाळी सातला तो तळघरात उभा राहून ग्रेडीचा पांढरा शर्ट इस्त्री करत होता. घरात इस्त्री करता येणारा तो एकटाच. ग्रेडीकडे पांढरा शर्टही एकच.

इस्त्री फिरत होती तसं हॉलिसचं डोकंही फिरत होतं. ग्रेडीला कंपनीची गाडी मिळेल. दारावर नावाची पाटी लागेल. दहा वर्षांनी माजी बंधूंच्या मेळाव्याला तो त्या गाडीतून येईल, पाठीवर थाप मारेल आणि म्हणेल, ‘काय हॉलिस, अजून अर्जच करतोयस का?’ आणि मग सगळे हसतील. लोरेनबाईसुद्धा हसतील. प्रेस्टन तोवर न्यायाधीश झालेला असेल, तोही हसेल. हॉलिसचं मन थेट त्या मेळाव्यात जाऊन पोचलं आणि तिथंच रेंगाळलं. इस्त्री होती तिथंच राहिली.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. शर्टावर डाव्या बाजूला, बरोबर हृदय असतं तिथं, तपकिरी रंगाचा इस्त्रीचा ठसा उमटला होता. अगदी टोकासकट.

आता हे हॉलिसने मुद्दाम केलं नव्हतं. पण ते मानणार कोण? शर्ट कोणाचा? ग्रेडीचा. जाळला कोणी? ज्याला ती नोकरी हवी होती त्याने. प्रेस्टनला एवढं पुरलं असतं. आणि खरं सांगायचं तर, आपण मुद्दाम केलं नाही याची हॉलिसला स्वतःलासुद्धा पुरती खात्री वाटेना.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. हॉलिसने शर्ट उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि लपवायला दुसरी जागा न सापडल्यामुळे तो अंगातच घातला. वरून मंडळाची अक्षरं छापलेला जाडजूड स्वेटशर्ट चढवला. डोकं गळ्यातून बाहेर काढतो तो समोर प्रेस्टन.

“जळका वास येतोय,” प्रेस्टन म्हणाला.

“टोस्ट करपला असेल वर.”

“वरचा वास तळघरात?”

“वास खाली येतो.”

“वास वर जातो, हॉलिस.”

“जुनं घर आहे,” हॉलिस म्हणाला आणि त्याच्या बाजूने जिना चढून पळाला.

खोलीत जाऊन त्याने कपाटातून स्वतःचा शर्ट काढला. नोकरी मेळाव्यासाठी खास घेतलेला, एकदाच वापरलेला, खोक्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या असा. तो त्याने ग्रेडीपुढे धरला.

“हा घाल.”

“अरे, पण हा तुझा ठेवणीतला! माझा कुठाय?”

“तुझ्या शर्टाची कॉलर धड नाही. मुलाखत घेणारे आधी कॉलर बघतात.”

ग्रेडीचे डोळे भरून आले. मुळात तो पटकन रडणारा होता, आणि लोकांना तो आवडायचा त्याचं तेही एक कारण होतं. “भावा,” तो म्हणाला, “माझ्या सख्ख्या भावाने मला कधी मोजा दिला नाही रे!”

शर्ट चढला, पण गळ्याचं बटण काही लागेना. ग्रेडीची मान बैलासारखी आणि हॉलिसची बगळ्यासारखी. दोघं स्वयंपाकघरात गेले. लोरेनबाईंनी पीठ लागलेले हात पुसले, शतावरीच्या जुडीचं रबर काढलं, ते काजातून ओवून बटणाला अडकवलं आणि वर टायची गाठ घट्ट बसवली.

“मान हलवू नकोस,” त्या म्हणाल्या. “हो म्हणायचं असेल तर डोळ्यांनी म्हण. आणि हॉलिस, बाळा, इकडे ये.” त्यांनी सगळ्या पोरांदेखत त्याच्या गालाला पीठ लावलं. “स्वतःचा शर्ट काढून दिलास! तुझ्या आईने काय खाऊन तुला वाढवलं रे?”

दारात उभा असलेला प्रेस्टन नाक वर करून नुसता वास घेत राहिला.

बाहेर थंडी मी म्हणत होती. हॉलिस ग्रेडीच्या आधी ट्रकपाशी पोचला, कारण त्याला बटाट्यांच्या वेळेची एक गोष्ट अचानक आठवली होती. एक बटाटा घरंगळत सीटखाली गेला होता, तो शोधायला त्याने आतला दिवा लावला होता. पुढचं आठवत नव्हतं. त्याने काचेतून पाहिलं. दिवा शेवटची घटका मोजणाऱ्या काजव्यासारखा मिणमिणत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तोही गेला.

आधी शर्ट, मग बॅटरी. दोन्ही गोष्टी अपघाताने झाल्या, आणि दोन्ही अपघातांच्या जागी एकच माणूस हजर.

“ग्रेडी!” तो ओरडला. “ट्रकला हात लावू नकोस! चिखल बघ किती आहे! मुलाखतीला असं जातात का? मी सोडतो तुला माझ्या गाडीने.”

“साठ मैल? आणि तुझा नऊचा तास? तू कधी तास बुडवत नाहीस!”

“तास काय, होतच असतात,” हॉलिस म्हणाला. हे म्हणताना त्याला दाढ उपटल्यासारखं झालं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फातून मक्याचे खुंट वर आले होते. ग्रेडी लोरेनबाईंनी दिलेल्या कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून ताठ मानेने बसला होता. त्याला मुलाखतीचा सराव हवा होता.

“तुमचा सगळ्यांत मोठा दोष कोणता?” हॉलिसने विचारलं.

“मला बसल्या बसल्या डुलकी लागते.”

“हे सांगायचं नसतं! असा दोष सांगायचा की जो ऐकताना गुण वाटेल.”

“मला गोड डुलकी लागते?”

हॉलिसला हसू आलं नाही. हा ठोंब्या तिथं जाऊन बसणार, आणि कंपनीचं सगळं उत्पादन, साठ वर्षांचा इतिहास, कोठीत मका किती ओलाव्याला ठेवायचा याचा हिशेब तोंडपाठ असलेला आपण त्याला सोडायला चाललोय! तो या विचाराने आतल्या आत इतका भाजून निघत होता की रस्त्यावर उतरलेला रानहंसांचा थवा त्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसला. त्याने करकचून ब्रेक दाबला. हंस वाचले. कॉफी वाचली नाही. ती ग्रेडीच्या पँटवर अशा ठिकाणी सांडली, की कोणी बघितलं असतं तर कॉफीचं नाव कोणाच्या मनातही आलं नसतं.

तिसरा अपघात! हॉलिसने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, ग्रेडीच्या पँटकडे पाहिलं, आणि पुढे जो पेट्रोल पंप आला तिथं गाडी वळवली. पंपाच्या मोरीत दोघांनी पँटची अदलाबदल केली. हॉलिसच्या करड्या पँटचं बटण ग्रेडीच्या पोटावर लागेना, ते पट्ट्याने झाकलं. ग्रेडीची ओली पँट हॉलिसच्या कमरेवर टिकेना, ती त्याने एका हाताने धरून ठेवली.

निघताना ग्रेडीला भूक लागली. भीती वाटली की त्याला भूक लागायची. त्याने हातातली कागदांची फाइल गल्ल्यावर ठेवली, साखरेचा डोनट घेतला, गल्ल्यावरच्या म्हातारीला तिच्या कुत्र्याचं नाव विचारलं, तिला हसवलं आणि डोनट खात बाहेर पडला. फाइल गल्ल्यावरच राहिली.

ती हॉलिसला दिसली. हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. शर्ट, दिवा, कॉफी या तिन्ही गोष्टी घडल्या होत्या, ही त्याने केली. निळी फाइल, वर ग्रेडीचं नाव, हॉलिसच्याच अक्षरात. त्याने ती बघितली, दार ढकललं आणि गाडीत येऊन बसला.

पुढचे मैल त्याच्या आयुष्यातल्या सुखाच्या काळांपैकी एक होते. मळभ असून त्याला ऊन पडल्यासारखं वाटलं. तो गुणगुणायला लागला.

“तुला बरं वाटतंय ना?” ग्रेडीने विचारलं.

“मस्त!”

तेवढ्यात हॉलिसचा फोन वाजला. त्याचा एक हात स्टीअरिंगवर आणि एक पँटवर. ग्रेडीने फोन उचलून आवाज मोठा केला.

“हॉलिस,” फोनमधून प्रेस्टन म्हणाला, “ग्रेडीचा ट्रक बंद पडलाय. आतला दिवा रात्रभर चालू राहिला. काल ट्रक तू नेला होतास. आणि तळघरात टोस्ट करपलेला नाही, मी सगळं बघून आलो. मी काही आरोप करत नाही. फक्त विचारतोय, तू त्याला खरंच तिथं नेतोयस ना?”

हॉलिसला उत्तर द्यावंच लागलं नाही.

“ए प्रेस्टन, गप रे!” ग्रेडी भडकला. चार वर्षांत त्याला भडकलेला कोणी पाहिला नव्हता. “लाज वाटते का असं बोलायला? या माणसाने मला शर्ट दिला, पँट दिली, आयुष्यात पहिल्यांदा तास बुडवला! आत्ता माझी कॉफीने भिजलेली पँट घालून गारठत गाडी चालवतोय! तू केलं असतंस? तू मला कधी पेन्सिल दिलीस का?”

“मी फक्त…”

“ठेव फोन!” ग्रेडीने स्वतःच ठेवला. मग पाझरणारं नाक पुसत म्हणाला, “मनावर घेऊ नकोस, भावा. काही लोकांना मोठं मन बघवतच नाही.”

हॉलिसने पुढचे दोन विजेचे खांब कसेबसे सहन केले. तिसऱ्याला त्याने गाडी वळवली.

“काय झालं?”

“फाइल! तुझी फाइल कुठाय?”

ग्रेडीने मांडी चाचपली, सीट चाचपली. “अरे देवा! पंपावर!”

“मला वाटलंच,” हॉलिस म्हणाला. ते तरी खोटं नव्हतं.

“तुझं किती लक्ष असतं रे माझ्यावर!” ग्रेडी म्हणाला, आणि हॉलिसने दात ओठ खाऊन वेग वाढवला.

ब्रेकनर अँड सन्सच्या दारात ते पोचले तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. ग्रेडी घाबरून पायऱ्यांवरच अडखळला. हॉलिस एका हाताने पँट धरून पुढे धावला आणि स्वागतकक्षातल्या मुलीला धापा टाकत म्हणाला, “उशीर माझ्यामुळे झाला. गाडी मी चालवत होतो. यांचा काही दोष नाही. हा माणूस वेळेचा फार पक्का आहे.” परीक्षेच्या दिवशी ग्रेडीला उठवणाऱ्या माणसाने हे म्हणावं!

आतून साठीच्या, आखूड केसांच्या एक बाई आल्या. नोकरभरतीचं काम त्याच बघत. नाव मिसेस डनलेवी. त्यांनी दोघांना टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि ग्रेडीला आत नेलं.

हॉलिस बसला. बसायची जागा एकच होती, ती लोखंडी शेगडीला लागून. आतून शब्द ऐकू येत नव्हते, पण हसणं येत होतं. आधी ग्रेडीचं हसणं, मग डनलेवीबाईंचं, मग आणखी एका पुरुषाचं. दर हसण्यागणिक हॉलिसच्या अंगाची लाही होत होती, आणि शेगडीमुळे तर खरोखरच होत होती. त्याच्या कपाळावरून घाम ठिबकायला लागला.

“तुम्ही तो स्वेटशर्ट काढता का?” मुलीने विचारलं.

“नको, मला थंडी वाजतेय.”

“तुमच्या हनुवटीवरून पाणी गळतंय.”

“असंच असतं माझं.”

आणखी दहा मिनिटांनी त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुलीने धावत येऊन पाणी पाजलं आणि विचारण्याच्या भानगडीत न पडता स्वेटशर्ट वर ओढून काढला. नेमकं त्याच वेळी आतलं दार उघडलं. डनलेवीबाई आणि ग्रेडी हसत हसत बाहेर आले आणि समोर बघून थांबले.

छातीवर इस्त्रीचा ठसा, कमरेला कॉफीचा डाग, एका हाताने पँट धरलेली. हॉलिस तसाच उभा राहिला.

“हाच का तो?” डनलेवीबाईंनी विचारलं.

“हाच,” ग्रेडी अभिमानाने म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. “तो माझा शर्ट ना?”

“नंतर सांगतो,” हॉलिस पुटपुटला.

“मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, स्वतःबद्दल सांगा,” डनलेवीबाई म्हणाल्या. “वीस मिनिटं ते तुमच्याबद्दल बोलत होते. मग मान हलवली आणि गळ्यातलं रबर तुटून आमच्या थोरल्या ब्रेकनरसाहेबांच्या चष्म्यावर बसलं. तेव्हा कळलं की शर्टही तुमचा, पँटही तुमची. मी म्हटलं, तुमचं स्वतःचं काय आहे? तर म्हणाले, टाय.” त्या पुन्हा हसायला लागल्या. “जूनपासून येताहेत ते आमच्याकडे.”

हॉलिसने ग्रेडीचा हात हातात घेऊन हलवला. हलवतच राहिला, कारण थांबल्यावर काय करायचं ते सुचेना.

“मीपण अर्ज केला होता तुमच्याकडे,” शेवटी त्याच्या तोंडून निघून गेलं. “टिमरमन. हॉलिस टिमरमन.”

“अगंबाई! अनुक्रमणिका जोडलेला तो अकरा पानी अर्ज?” डनलेवीबाईंना तो चांगलाच आठवत होता. त्यांचा आवाज मऊ झाला. “हे बघा, फार हुशार आहात तुम्ही. पण हे काम शेतकऱ्यांना कोठ्या विकायचं आहे. त्यांना कोठीतलं सगळं आपल्यापेक्षा जास्त कळतं. आम्हाला असा माणूस लागतो की ज्याला ते स्वयंपाकघरात बोलावून जेवायला बसवतील. तुम्ही त्यांना ओलाव्याचा तक्ता काढून दाखवाल. दाखवाल की नाही?”

हॉलिसने प्रामाणिकपणे विचार केला. “रंगीत,” तो म्हणाला.

आणि हेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं. अन्याय झाला असता तर बरं झालं असतं. अन्यायावर माणूस वर्षानुवर्षं जळू शकतो, नातवंडांना सांगू शकतो. इथं तर निकाल बरोबर होता. जळायला काटकीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती त्या बाईने.

परतीच्या वाटेवर ग्रेडीचा आईला फोन करून झाला, बाबांना करून झाला आणि मग तो नुसताच हॉलिसच्या छातीवरच्या ठशाकडे बघत बसला.

“शर्ट मी जाळला,” हॉलिस रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. “मुद्दाम नाही. इस्त्री करताना तुझ्यावर जळत होतो, तेवढ्यात तोही जळला. ट्रकचा दिवाही माझ्याकडून राहिला. तोही मुद्दाम नाही. पण फाइल… फाइल मला निघतानाच दिसली होती.”

एक कोठी मागे गेली, दुसरी गेली.

“आपण चार मैल गेलो होतो,” ग्रेडी म्हणाला.

“हो, चार.”

“मजा आली?”

“पहिले तीन मैल,” हॉलिस म्हणाला. “चौथ्याला प्रेस्टनचा फोन आला.”

ग्रेडी आधी खुसखुसला, मग खिदळला, मग इतका हसला की पट्टा सैल करावा लागला. हसणं ओसरल्यावर त्याने खिडकीकडे तोंड वळवलं.

“मग माझंही ऐकून घे,” तो म्हणाला. “दुसऱ्या वर्षी तुला कुलगुरूंच्या हातून बक्षीस मिळालं, तेव्हा मी आलो नव्हतो. ताप आलाय म्हणालो होतो.”

“एकशे दोन. मी तुला सूप आणून दिलं होतं.”

“ताप नव्हता. बिछान्यात पडून तुझ्या नावाने बोटं मोडत होतो.”

हॉलिसचा पाय आपोआप सैल पडला. “कोण, तू?”

“मग काय! बाबा दर रविवारी फोन करतात. पहिला प्रश्न, हॉलिस काय म्हणतो? मी कसा आहे ते शेवटी, वेळ उरला तर. पेपरात तुझा फोटो आला होता ना, तो आईने कापून फ्रीजवर लावलाय. माझ्या आईने, माझ्या घरी! सुट्टीत फ्रीजमधून दूध घ्यायला गेलो की तू माझ्याकडे बघत असतोस. ही नोकरी मला कशाला हवी होती वाटतं? एकदा, फक्त एकदा, त्यांनी म्हणावं की हॉलिसला नाही मिळाली आणि आमच्या ग्रेडीला मिळाली. आत्ता फोन केला तर बाबा काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, हॉलिसने नेलं म्हणून पोचलास.”

हॉलिसच्या कानांत काहीतरी गोड वाजायला लागलं. चार वर्षं एक जिवंत, धडधाकट, सगळ्यांना आवडणारा माणूस त्याच्याच खोलीत, त्याच्यापासून सहा फुटांवर, त्याच्यावर जळत होता, आणि त्याला याची गंधवार्ताही नव्हती! केवढं सुख फुकट गेलं!

“म्हणजे तू माझ्यावर जळायचास?” त्याने विचारलं.

“खूप.”

“खूप म्हणजे किती? म्हणजे अंदाजे?”

“अरे, झोप यायची नाही कधीकधी.”

“तुला? झोप यायची नाही?”

मागून आलेल्या धान्याच्या ट्रकने भोंगा वाजवला. हॉलिसने गाडी साठवरून चाळीसवर आणली, बाजूला घेतली आणि हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ दिलं.

“सावकाश जाऊ,” तो सीटवर नीट सरकून बसत म्हणाला. “पहिल्या वर्षापासून सांग.”